दोघंही नोकरीवाले, घरात ९ आठवड्यांचं पिल्लू: शी-शूची सवय लावायची कशी?

निवांत_कधीतरी | १० जून, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे नुसती वाचत आले. आज पहिला धागा काढतेय, तोही शी-शूवर. चालायचंच.

आम्ही पुण्यात वाकडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. एप्रिलच्या सुरुवातीला आमच्या पार्किंगमध्ये एका कुत्रीने ५ पिल्लं दिली. त्यातली तीन लोकांनी नेली, एक गाडीखाली गेलं, आणि उरलेलं एक नवरा शनिवारी रुमालात गुंडाळून वर घेऊन आला. डॉक्टरांनी दात बघून ९ आठवड्यांची असेल असं सांगितलं. रंग खारी बिस्किटाचा, म्हणून नाव खारी.

मी मंगळवार, बुधवार, गुरुवार हिंजवडीला जाते. सकाळी पावणेनऊला बाहेर पडले की परत यायला साडेसहा. नवरा बँकेत, त्याला घरून काम हा प्रकारच नाही. धुणंभांड्याच्या मावशी साडेअकराला येतात, किल्ली त्यांच्याकडे असते. बाकी दिवसभर घरात कुणी नाही.

आत्तापर्यंतचा हिशोब: सोफ्यामागे, देवघरासमोर, नवऱ्याच्या लॅपटॉपच्या बॅगेवर, आणि एकदा माझ्या मांडीवर. बाल्कनीत रद्दी पसरून ठेवली आहे. ती तिथे जाते, रद्दी फाडते, दमते, आत येते आणि फरशीवर शू करते. परवा मी ओरडले, तर आता माझ्यासमोर करत नाही. डायनिंग टेबलाखाली जाऊन करते. म्हणजे हुशार आहे, फक्त तिची हुशारी आमच्या विरोधात चालली आहे.

इतकं लहान पिल्लू किती वेळ धरू शकतं? बाल्कनीत शिकवू की खाली नेऊ? आणि आम्ही दोघं नसताना काय करायचं? अनुभव सांगा. ओरडलात तरी चालेल, मी टेबलाखाली जाणार नाही.

चहाबाज | १० जून, रात्री ११:५२

पहिलाच धागा आणि मांडीवर शू! स्वागत आहे. मी कुत्रं पाळलेलं नाही, पाळायचा विचार गेली ४ वर्षं चालू आहे. खुर्ची टाकून बसलोय.

पायताणचोर | ११ जून, सकाळी ७:१५

ठाण्याहून, बीगलची आई. नावावरून कळलंच असेल आमच्याकडे काय चालतं ते.

आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. ढोबळ हिशोब असा की पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा, तितके तास. तुमची खारी २ महिन्यांची, म्हणजे फार तर ३ तास. तेसुद्धा झोपलेली असताना. जागी असेल, खेळत असेल तर अर्ध्या तासाने पण लागते. तेव्हा पावणेनऊ ते साडेसहा तिने धरावं ही अपेक्षाच सोडा. तिला धरता येतच नाही, त्यात हट्टीपणा नाही.

दुसरं म्हणजे वेळा ठरलेल्या असतात. झोपून उठली की लगेच. खाल्ल्यावर ५ मिनिटं ते अर्ध्या तासात. पाणी प्यायल्यावर. आणि खेळता खेळता अचानक जमीन हुंगत गोल फिरायला लागली की हातातलं सगळं टाकून उचलायचं. या चार वेळा तुम्ही पकडल्यात तर निम्मी लढाई घरबसल्या होते. मी पहिले १० दिवस सुट्टी काढली होती. ऑफिसात सांगितलं घरी आजारपण आहे. कुणाचं ते सांगितलं नाही.

तिसरं: जागेवर केलं की त्याच क्षणी कौतुक आणि खाऊ. आत येऊन डबा उघडून मग खाऊ दिलात तर तिला वाटेल घरात येण्याचं बक्षीस मिळालं. खिशात फुटाणे ठेवा. आमची फुटाण्यावर शिकली.

ओरडणं मात्र बंद. तिला 'फरशीवर शू केली म्हणून ओरडा' हे कळत नाही. तिला एवढंच कळतं की हिच्यासमोर शू केली की ही चिडते. मग ती तुमच्यासमोर बाल्कनीतही करणार नाही. तुम्ही बाल्कनीत १५ मिनिटं उभ्या राहणार आणि ती आत जाऊन टेबलाखाली मोकळी होणार. आमच्या सासऱ्यांनी जुन्या पद्धतीने एकदा तिचं नाक त्यात घासलं होतं. नंतर २ महिने ते खोलीत आले की ती कपाटामागे.

स्पष्टवक्ता | ११ जून, सकाळी ९:०२

राग येईल, तरी लिहितो. दोघं दिवसभर बाहेर राहणार, तर कुत्रं आणलंच कशाला? हौस तुमची आणि ९-१० तास कोंडून घ्यायचं त्या जिवाने. आमच्या वरच्या मजल्यावर असंच एक आहे, दिवसभर भुंकतं. शेजाऱ्यांचा विचार कोणी करत नाही.

पायताणचोर | ११ जून, सकाळी ९:२०

पार्किंगमध्ये पाचातलं एक गाडीखाली गेलं हे वाचलंत का? की थेट मुद्द्यावर आलात?

चहाबाज | ११ जून, सकाळी ९:२६

आली, खुर्ची कामी आली.

निवांत_कधीतरी | ११ जून, दुपारी १:१०

स्पष्टवक्ता, राग आला. पण तो तुम्ही बरोबर बोललात म्हणून आला, हेही कबूल करते. रुमालातून वर आणताना दोघांनीही मंगळवारचा विचार केला नव्हता. आता आणली आहे, तर मंगळवारचं काय ते सांगा.

गोठ्यातला_डॉक्टर | ११ जून, रात्री ९:४५

मी सरकारी दवाखान्यात पशुवैद्य आहे. दिवसभर म्हशी, संध्याकाळी ओळखीच्यांची कुत्री.

आधी लसीकरण, कारण 'बाल्कनी की खाली' हा प्रश्न तिथे सुटतो. पिल्लांची पहिली लस ६ ते ८ आठवड्यांत सुरू होते आणि दर ३-४ आठवड्यांनी डोस देत १६ आठवड्यांपर्यंत नेतात. रेबीजची ३ महिने पूर्ण झाल्यावर. खारी रस्त्यावरची, म्हणजे तिचं आत्ता सुरू होणार. तोपर्यंत जिथे इतर कुत्री हागतात-मुततात तिथे तिला जमिनीवर सोडू नका. पार्व्हो म्हणजे पिल्लांचा रक्ताच्या जुलाबांचा रोग; त्याचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, आणि या वयाच्या पिल्लाला झाला की वाचवणं अवघड जातं. रक्ताचे जुलाब घेऊन आलेली पिल्लं मी दर पावसाळ्यात बघतो. त्यातल्या बहुतेकांची लस 'पुढच्या आठवड्यात' द्यायची राहिलेली असते.

म्हणून सध्या बाल्कनी. पण घरात डांबूनही ठेवू नका. ३ ते साधारण १४ आठवडे हा पिल्लाने जग ओळखण्याचा काळ. कडेवर घेऊन खाली फिरवा, रिक्षाचा आवाज, कुकरची शिट्टी, हेल्मेट घातलेला माणूस, सगळं दाखवा. पाय तेवढे जमिनीला नको.

आता रद्दीबद्दल. पिल्लू पायाखाली काय लागतं ते लक्षात ठेवतं. ज्या स्पर्शावर शू करायची सवय लागली तो स्पर्श शोधत फिरतं. रद्दीवर शिकवलंत तर ताजा पेपर आणि शिळा पेपर यातला फरक त्याला कोण सांगणार? कापडी पॅडवर शिकवलंत तर पायपुसणं आणि गालिचा त्याच जातीचे. तुमची पार्किंगच्या कडेच्या मातीत वाढलेली आहे. तिला मातीच द्या. एक मोठं पसरट घमेलं किंवा ट्रे, खाली विटांचे तुकडे, वर माती आणि नर्सरीतून लॉनचा तुकडा. पुढे खाली न्यायला लागाल तेव्हा वेगळं शिकवावं लागणार नाही.

जंताचं औषधही विसरू नका. या वयात दर १५ दिवसांनी, वजनाप्रमाणे.

निवांत_कधीतरी | १२ जून, रात्री १०:३०

डॉक्टर, साष्टांग नमस्कार. तुमचं वाचून नवरा आजच नर्सरीत गेला. गवंडी वापरतात ते काळं प्लास्टिकचं घमेलं आणि लॉनचा तुकडा. नर्सरीवाल्याने विचारलं टेरेस गार्डन का? नवरा म्हणाला, शौचालय.

ठेवल्यावर ५ मिनिटांत खारीने त्यावर पहिली शी केली. दोघांनी टाळ्या वाजवल्या, ती घाबरून पळाली. टाळ्या नकोत हे आज शिकलो.

रात्रीचं काय करायचं? काल ३ वाजता उठून रडली. आम्हीही जवळपास.

पायताणचोर | १३ जून, सकाळी ६:५०

रात्री तिला तुमच्या पलंगाशेजारी झोपवा, उंच कडांच्या खोक्यात किंवा पिंजऱ्यात. पिंजरा म्हटलं की घरातली वडीलधारी मंडळी दचकतात, पण तिला ती गुहा वाटते, फक्त दार बंद करून तासन् तास ठेवायची नाही. आकार महत्त्वाचा. उभं राहता आलं, वळता आलं, पाय ताणता आले की पुरे. फार मोठा घेतलात तर एका कोपऱ्यात झोप आणि दुसऱ्यात शू. मोठा घेऊनच ठेवला असेल तर मध्ये पुठ्ठ्याची भिंत करा.

झोपायच्या आधी ११ला एकदा घमेल्यावर. मग ३चा गजर. ती रडायच्या आधी तुम्ही उठा. दिवा लावायचा नाही, लाड नाहीत, बोलणं नाही. उचला, घमेलं, 'शू कर', झाली की हळू आवाजात शाब्बास, परत आत. मग दर ३-४ दिवसांनी गजर १५ मिनिटं पुढे ढकला. आम्ही ५ आठवड्यांत साडेपाचवर आलो. आणि शब्द घरात सगळ्यांनी एकच वापरा. आमच्याकडे मी 'शू कर', नवरा 'कम ऑन', सासूबाई 'कर गं बाई' असं चाललं होतं. तिला वाटलं असेल तीन वेगळ्या कामांना बोलावतायत.

उंबरठा | १३ जून, सकाळी ८:३०

कुणी सांगितलं नाही म्हणून लिहिते. फरशी कशाने पुसताय? फिनाइल असेल तर बंद करा. त्यातला फिनॉल कुत्र्यामांजरांना घातक असतो. ओल्या फरशीवर चालतात आणि मग पंजे चाटतात. दुसरं, अमोनियाचा वास असलेलं काही नको. शू सडली की तिलाही अमोनियाचाच वास येतो, म्हणजे आपण पुसून उलट तिथे पाटीच लावतो, 'येथे करावी'. आणि ब्लीच थेट शूवर ओतू नका, विषारी वायू तयार होतो.

मी आधी कागदाने टिपून घेते, मग एन्झाइमवालं द्रव्य मारून १० मिनिटं तसंच ठेवते. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतं. ते नसेल तेव्हा पाण्यात व्हिनेगर. आपल्या नाकाला स्वच्छ वाटलं म्हणजे तिच्या नाकाला वाटलं असं नाही.

चहाबाज | १३ जून, सकाळी ८:४१

'येथे करावी' ही पाटी पुण्यात प्रथमच लागत असावी.

माळावरचा | १३ जून, रात्री ८:१०

मी जुन्नर तालुक्यातला. आमच्याकडे कुत्रं म्हणजे राखणीला. शिकवणं वगैरे भानगड नव्हती, सगळा माळ त्याचाच. पण बिबटे वाढल्यापासून रात्री कुत्रं बाहेर ठेवता येत नाही, उचलून नेतो. आमची दोन गेली. आता अंधार पडला की पडवीत घेऊन दार लावतो ते सकाळी साडेपाचला उघडतो. मोठं कुत्रं तेवढं आरामात धरतं. पण मागच्या साली पिल्लू आणलं तर त्याला धरवेना. मग आईने काय केलं, रात्रीचं खाणं ६ वाजताच द्यायला लागली. पाणी ८ नंतर थोडंच. पहाटे ४ला उठून स्वतः कंदील घेऊन त्याच्याबरोबर अंगणात उभी राहायची. त्याला बिबट्याची भीती नव्हती, आईला होती. दीड महिन्यात लागलं वळण.

तुमच्याकडे बिबट्या नाही, एवढं तरी बरं.

सई_उत्तरेकडची | १४ जून, दुपारी २:००

स्टॉकहोमहून. इथे कायद्यानेच दिवसा कुत्र्याला किमान दर ६ तासांनी बाहेर न्यावं लागतं, पिल्लाला त्याहून जास्त वेळा. मग नोकरीवाले काय करतात? कुत्र्यांचं पाळणाघर. हुंडदागिस म्हणतात. सकाळी डबा-बिबा देऊन सोडायचं, संध्याकाळी आणायचं. फी ऐकून माझ्या आईने पुण्याहून विचारलं होतं, 'त्यात शिकवणी पण असते का?'

पुण्यातही दिवसभर कुत्री सांभाळणारे आहेत, पण लसी पूर्ण होईपर्यंत पाठवू नका, चांगले लोक घेतही नाहीत. तोपर्यंत तुम्हाला माणूसच लागेल. तुमच्या गरजेचा हिशोब केला तर दिवसातून दोनदा २० मिनिटं एवढाच निघतो. एक मावशींच्या साडेअकराला होतेय. दुसरं ३च्या सुमारास कोण येऊ शकेल? कॉलेजातलं पोरगं, निवृत्त आजोबा, शेजारच्या काकू? कुत्रं शिकेलच. आधी माणसांचं वेळापत्रक बसवा.

निवांत_कधीतरी | १५ जून, रात्री ९:१५

सई, तुमची शेवटची ओळ फ्रिजवर लावली आहे.

समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारे काका महामंडळातून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले आहेत. घाबरत विचारलं. म्हणाले, "तीन वाजता ना? ३५ वर्षं वेळेवर गाडी सोडलीय." आणि खरंच ३ म्हणजे ३. मंगळवार ते गुरुवार ते येतात. सोमवारी आणि शुक्रवारी मी घरी असतेच.

आम्ही नसतो तेव्हा बाल्कनी आणि त्याला लागून असलेली छोटी खोली एवढंच तिचं राज्य, बाकीच्या घरात येऊ नये म्हणून खोलीला लहान मुलांसाठी लावतात तसं जाळीचं फाटक. स्पष्टवक्ता, भुंकत नाही, झोपते. डॉक्टरांनी सांगितलं या वयात दिवसाचे १८-२० तास झोपतात. माझ्यापेक्षा सुखी.

आणि फ्रिजवर एक वही टांगली आहे. कोण, कधी, शू की शी, घमेल्यात की बाहेर. काकांनी तिकिटाच्या वेबिलासारखे रकाने आखून दिले.

स्पष्टवक्ता | १५ जून, रात्री १०:००

बरं केलंत.

निवांत_कधीतरी | २९ जून, रात्री ११:०५

मंडळी, अडकलोय. वही समोर घेऊन लिहितेय.

सोमवारी आणि शुक्रवारी, म्हणजे मी घरी असताना, आता दिवसाला जेमतेम एखादी चूक. रात्रीचा गजर ४ वर आणलाय. पण मंगळवार, बुधवार, गुरुवार दुपारी १२ ते ३ या वेळात रोज खोलीत घाण. शू तर शू, शीसुद्धा, आणि तीही पातळ. काका ३ला येतात तेव्हा झालेलं असतं. ओळीने दोन आठवडे. म्हणजे ६ पैकी ६ दिवस.

नवरा म्हणतो मी नसले की तिला राग येतो आणि मुद्दाम करते. मला ते पटत नाही, पण वही बघितली की पटायला लागतं.

पायताणचोर | ३० जून, सकाळी ७:००

मुद्दाम नसतं हो. सूड वगैरे आपल्या डोक्यात. एकटेपणाने घाबरून करतात काही. पण मग ती तुम्ही गेल्या गेल्या करेल, ३ तास थांबून नाही. बाहेर पडताना रडते का?

गोठ्यातला_डॉक्टर | ३० जून, रात्री ९:२०

थोडी थोडी वारंवार शू, करताना कळवळणं किंवा लालसर रंग असेल तर मूत्रमार्गाचा संसर्ग, तेव्हा लघवी तपासा. पण तो असता तर तुमचे सोमवार-शुक्रवार कोरडे गेले नसते. जंतू काही हिंजवडीची बस बघून कामाला लागत नाहीत. शी पातळ आहे, तीही ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी. मला पोट आणि घड्याळ वेगळं काही सांगतंय. त्या तीन दिवसांत तिच्या पोटात असं काय जातं जे इतर दिवशी जात नाही?

उंबरठा | ३० जून, रात्री ९:५०

जुना मोबाईल असेल तर खोलीत कॅमेरा म्हणून लावून ठेवा. एका दिवसात कळेल.

निवांत_कधीतरी | २ जुलै, रात्री १०:४५

सापडलं.

काल जुना मोबाईल कपाटावर ठेवला आणि जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात बसून बघितलं. ११:३५, मावशी आल्या. घमेल्यावर नेलं, खारीने शू केली, मावशींनी शाब्बास म्हटलं. सगळं आपण शिकवल्यासारखं. मग मावशी आत गेल्या आणि एका वाडग्यात दूध-पोळी कुस्करून आणली. भरपूर. मांडी घालून तिच्यासमोर बसल्या, पाठीवरून हात फिरवत भरवली, वर साखर पण घातलेली असावी. ११:५०ला भांडी घासून निघून गेल्या. १२:२०, खारी उठली, फाटकापाशी गेली, बाल्कनीचं दार...

बाल्कनीचं दार बंद! मावशी जाताना लावून घेत होत्या, पाऊस आत येतो म्हणून. ती दारापाशी दोनदा गेली, पंजा मारला, कुं कुं केलं, परत आली, गोल फिरली आणि खोलीच्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात जाऊन बसली. ऑफिसात माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारचा मुलगा म्हणाला, प्रॉडक्शन सर्व्हर बंद पडला का?

दोन आठवडे आम्ही तिला नावं ठेवत होतो, आणि ती दार ठोठावत होती.

गोठ्यातला_डॉक्टर | २ जुलै, रात्री ११:१०

दूध. वाटलंच होतं. आईचं दूध सुटलं की दुधातली साखर पचवायची ताकद पिल्लांत कमी होत जाते, मग गाई-म्हशीच्या दुधाने पातळ होते. महाराष्ट्रातलं प्रत्येक पिल्लू दूध-पोळीवर वाढवायचं ही आपली परंपरा, आणि 'पिल्लाला जुलाब होतायत' ही माझ्याकडची नेहमीची तक्रार. पोट भरल्यावर अर्ध्या तासात ते रिकामं होऊ पाहणारच. तिने तर तुम्ही शिकवल्याप्रमाणे दारही गाठलं होतं.

मावशींना दोष देऊ नका.

निवांत_कधीतरी | ४ जुलै, सकाळी ८:००

नाही दिला. पण सांगायचं कसं हा पेच होता. मावशी म्हणाल्या, "ताई, तुम्ही तिला ते गोळ्या-गोळ्यांचं कोरडं खायला घालता. बिचारीला चव तरी काय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तोडगा असा निघाला: मावशींनी भरवायचंच, पण तिच्याच दुपारच्या वाट्यातलं, थोडा मऊ भात आणि उकडलेलं अंडं, बिनमिठाचं. ते झालं की १५ मिनिटं थांबून पुन्हा घमेलं, मग जायचं. त्या १५ मिनिटांत भांडी होतात. बाल्कनीच्या दाराला विटेचा टेकू, आणि पावसासाठी बाहेर ताडपत्री.

त्यांना मी त्या वेळेचे वेगळे पैसे देऊ केले. आधी नाही म्हणाल्या, मग घेतले. घ्यायलाच हवे होते, काम आहे ते.

काल दुपार कोरडी.

चहाबाज | ४ जुलै, सकाळी ८:०९

काल दुपार कोरडी! पुण्यात जुलैमध्ये हे वाक्य हवामान खात्यालाही लिहिता येत नाही.

कोथरूडचा_पोपट | ६ जुलै, दुपारी १२:३०

जरा वेगळा प्रश्न. आमचं ५ महिन्यांचं शित्झू घरात सगळं नीट करतं, पण मी ऑफिसातून आलो की आनंदाने जिथे उभं असेल तिथेच शू. यावर काय?

पायताणचोर | ६ जुलै, दुपारी १:००

ते सवयीत मोडत नाही, त्याच्या हातात नसतं. आल्या आल्या त्याच्यावर वाकू नका, नाव घेऊ नका, बघूही नका. चपला काढा, हात धुवा, पाणी प्या. ४-५ मिनिटांनी ते शांत झालं की खाली बसून बाजूने हात फिरवा. बहुतेकांचं मोठं झाल्यावर जातं. लहान जातींना एकूणच वेळ लागतो, मूत्राशय ते केवढंसं.

निवांत_कधीतरी | ११ ऑगस्ट, रात्री १०:२०

बऱ्याच दिवसांनी. खारी ४ महिन्यांची झाली. लसी संपल्या, रेबीजची पण झाली, जुलैच्या शेवटी पहिल्यांदा तिचे पाय जमिनीला लागले. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे पहिल्या दिवशी घमेल्यातली मूठभर माती पिशवीतून खाली नेली आणि पार्किंगमागच्या झाडाखाली टाकली. हुंगली आणि लगेच. आम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत.

सगळं छान असं मात्र नाही. जोराचा पाऊस असला की पार्किंगच्या कडेला येऊन उभी राहते, एक पाय बाहेर टाकते, परत घेते, माझ्याकडे बघते आणि लिफ्टकडे चालू लागते. मग वर येऊन घमेलं. म्हणून घमेलं अजून आहे. काढणार होतो, नवऱ्याने काढू दिलं नाही, लॉनला त्याने खत घातलंय.

आणि लिफ्टवरून एका सदस्यांनी सोसायटीत अर्ज दिला, कुत्रं जिन्याने न्या म्हणून. मी प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना छापून दिल्या. पाळीव प्राण्यांना लिफ्टची बंदी सोसायटीला घालता येत नाही असं त्यात आहे. त्याच सूचनांत बाहेरची घाण मालकाने उचलावी असंही आहे, ते मी अधोरेखित करून दिलं. मी पिशवी घेऊनच जाते. अर्ज अजून मागे घेतलेला नाही. कंडक्टरकाका त्यांच्याशी रोज लिफ्टमध्ये बोलतात, बघू.

गेल्या १० दिवसांत घरात एकच चूक, तीही पाहुण्यांनी सोफ्यावरचा पेपर खाली ठेवला तेव्हा. पहिल्या काही दिवसांची रद्दी अजून लक्षात आहे तिच्या.

स्पष्टवक्ता | ११ ऑगस्ट, रात्री १०:५८

वाचत होतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या त्या भुंकणाऱ्याकडे काल गेलो. एकटा मुलगा राहतो, दुपारी कोणी नसतं. माझी दुपार तशी मोकळी असते. ती वही कशी आखली आहे त्याचा फोटो टाकता येईल का?

निवांत_कधीतरी | १२ ऑगस्ट, सकाळी ७:३०

आज काकांकडून नवीन पान आखून घेते आणि टाकते.

चहाबाज | १२ ऑगस्ट, सकाळी ९:१५

मंडळी, ४ वर्षांचा विचार संपला. शनिवारी लॅब्रॅडॉरचं पिल्लू येतंय. विकणारा म्हणतो ४५ दिवसांचं आहे, लगेच न्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक आहे. दोन प्रश्न: तयारी काय करू, आणि घमेलं कुठल्या दुकानात मिळालं?

गोठ्यातला_डॉक्टर | १२ ऑगस्ट, सकाळी ९:४०

शनिवार रद्द करा. ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७च्या श्वान प्रजनन नियमांनी बंदी आहे. ४५ दिवस म्हणजे साडेसहाच आठवडे. आई आणि भावंडांत तेवढे दिवस राहिलं की कुठे चावायचं नाही, झोपतो तिथे घाण करायची नाही, यातलं बरंच ते तिथेच शिकून येतं. विकणाऱ्याला नोंदणी विचारा, आई दाखवायला सांगा. दाखवत नसेल तर तिथून निघा. आणि पार्किंगमध्ये पिल्लं फुकट असतात.

चहाबाज | १२ ऑगस्ट, सकाळी १०:०५

विचारतो. पण घमेलं?

निवांत_कधीतरी | १२ ऑगस्ट, सकाळी १०:०७

बांधकामाच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात. काळं घ्या, पसरट. दोन घ्या. एक ते खातं.